मे महिन्यात मी एकटीच धावते

शहापूर, बेळगावहून एका आईचं पत्र आलं आहे. नवरा उद्यमबागेत कारखान्यात, पाळी बदलती. त्या घरी ब्लाऊज शिवतात आणि सध्या लगीनसराई. मुलीने दहावीची परीक्षा दिली आहे, निकाल यायचा आहे. मुलगा चौदा वर्षांचा. महिनाभरात दिराच्या मुलाचं लग्न, खानापूर तालुक्यातल्या माहेरची यात्रा, इचलकरंजीहून नणंद दोन मुलांसह बारा दिवस, कुरडया-पापड, मुलीचा पीयूसीचा (कर्नाटकातली अकरावी-बारावी) प्रवेश. मुलं अकराला उठतात, मोबाईल घेऊन लोळतात, काही सांगितलं की खेकसतात. मुलगा गुपचूप गाडी काढतो. त्या लिहितात, "परवा मी मुलीवर हात उगारला. मारलं नाही, पण रात्रभर मला झोप नाही. मी अशी नव्हते हो."

ताई, आधी त्या हाताचं बोलू. आजच मुलीजवळ बसा आणि एवढंच म्हणा, "मी हात उगारला, चुकलं माझं." पुढे 'पण तू सुद्धा' जोडू नका. सोळा वर्षांच्या मुलीला तो 'पण' लगेच ऐकू येतो आणि मागची माफी पुसली जाते. ती काही बोलली नाही तरी चालेल, उठून कामाला लागा.

आता धावपळीचं. पत्रात 'मदत करत नाहीत' हे तुम्ही पाच वेळा लिहिलं आहे. अडतं तिथेच. मदत मागताना सगळं काम तुमच्या डोक्यात असतं आणि मुलांच्या वाट्याला एकेक तुकडा येतो: पाणी भर, दुकानातून रवा आण, ते कपडे काढ. तुकडा का हवा, कधी हवा, पुढे काय होणार हे त्यांना दिसत नाही. त्यांना दिसतं ते आईने मधेच हाक मारणं. पंधराव्या हाकेला कुणीही खेकसेल. या वयाच्या मुलाला सुरुवातीपासून शेवटापर्यंत अख्खं काम द्या, बिघडण्याच्या जबाबदारीसकट.

त्यासाठी एका रात्री जेवणं उरकल्यावर, नवऱ्याची पहिली पाळी असेल त्या दिवशी, सगळे पाऊण तास बसा. सासूबाई हव्यातच. मोठ्या कागदावर महिन्याचे चौकोन आखा. आधी न हलणाऱ्या गोष्टी भरा: लग्न, यात्रा, नणंदेचं येणं-जाणं, निकालाचा आठवडा, ब्लाऊज द्यायच्या तारखा. मग चार चौकोनांवर फुली मारा. त्या दिवशी कुठे जायचं नाही, कुणी यायचं नाही, वाळवणही नाही. एक फुली पाहुणे गेल्याच्या दुसऱ्या दिवशी, एक लग्नाच्या दुसऱ्या दिवशी. कागद स्वयंपाकघरात नको, टीव्हीजवळ लावा. स्वयंपाकघरात लावला की तो पुन्हा तुमचा एकटीचा होतो.

कुरडया मुलाकडे सोपवा. हो, मुलाकडेच. सोऱ्या दाबायला दंडात जोर लागतो, तुमच्या मनगटाला शिलाईचं काम आधीच पुष्कळ आहे. सासूबाई सांगतील, तो करील, तुम्ही मध्ये पडायचं नाही. दोन किलो गहू पुरे, पाच नको.

रविवारी पहाटे घालायच्या तर गहू बुधवारी रात्री भिजत घालायचे. रोज सकाळ-संध्याकाळ पाणी बदलणं हे त्याचं काम. फोनवर गजर लावू दे. चुकायचं ते इथेच चुकतं. उन्हाळ्यात एक पाणी राहिलं तरी गव्हाला आंबूस वास धरतो, चीक लालसर येतो आणि तळल्यावरही तो वास जात नाही. शनिवारी संध्याकाळी मिक्सरमधून वाटून पातळ फडक्यातून चीक गाळायचा, चोथ्यात पाणी घालून पुन्हा दोनदा पिळायचा आणि पातेलं रात्रभर हलवायचं नाही. सकाळी वरचं पिवळसर पाणी अलगद ओतून टाकायचं. खालचा घट्ट चीक वाटीने मोजायचा आणि जितक्या वाट्या चीक तितकंच पाणी उकळत ठेवायचं, त्यात मीठ आणि हिंग. चीक ओतताना एकाने धार धरायची, दुसऱ्याने थांबू न देता घोटायचं. हात थांबला की गाठी झाल्या, आणि सोऱ्याच्या ताटलीत गाठ अडकली की सगळी ओळ तुटते. रंग काचेसारखा झाला, ओल्या बोटाला चिकटेनासा झाला की झाकून दहा मिनिटं वाफ. कच्चा राहिला तर कुरडई वाळल्यावर भुगा होते.

गरम असतानाच घालायच्या, त्यामुळे सहाला शेगडी पेटली तर साडेआठपर्यंत गच्ची भरते. आपल्याकडे मे महिन्यात दुपारी तीननंतर आभाळ कधी भरून येईल सांगता येत नाही. वळीव आला की अर्धवट वाळलेल्या कुरडया गोळा करताना मोडतात आणि ओल राहिली तर डब्यात बुरशी धरतात. अडीचलाच आत आणायच्या, दुसऱ्या दिवशी पुन्हा ऊन. मोडल्यावर कट् असा आवाज आला की डबा भरायचा. पहिला घाणा फसला तर फसू द्या. त्याच्या हातची वाकडी कुरडई लग्नाच्या पंगतीत जाणार नाही, घरीच खायची आहे.

मुलीकडे स्वयंपाकघर देऊ नका. मोठी आहे म्हणून भाकरी तिच्याकडे, हा अन्याय तिला बरोबर कळतो आणि ती जे खेकसते त्यात तोही असेल. तिला प्रवेशाचं काम द्या. निकालाची ऑनलाईन प्रत, शाळेतून टीसी, आधार, बँकेचं पासबुक, फोटो, नाडकचेरीचा (महसूल खात्याच्या स्थानिक कचेरीचा) जातीचा आणि उत्पन्नाचा दाखला. जुने दाखले असतील तर त्यावरचा आरडी नंबर, म्हणजे दाखल्याचा क्रमांक, आजच वहीत उतरवून ठेवू दे. नसतील तर अर्ज निकालाआधी जायला हवा, नंतर त्या कचेरीत रांग लागते. फाईल तिच्या हाताने लागू दे, तुम्ही फक्त सोबत जा.

निकालाच्या दिवशी किती गुण पडले हे सगळी भावकी विचारणार, त्यात नणंद घरात असेल. आधीच मुलीला विचारा, "फोन मी घेऊ की तू?" ती म्हणेल तसं. मनासारखे गुण पडले नाहीत तर दहावीची परीक्षा त्याच वर्षी पुन्हा होते. दुसरीला बसता येतं आणि चांगले गुण धरले जातात. हे तिला निकालाआधी सांगा, नंतर सांगितलं तर सांत्वन वाटतं. मराठी माध्यमातून सायन्सला जाणार असेल तर रोज अर्धा तास दहावीचंच विज्ञान इंग्रजीतून वाचायला लावा. धडा माहीत आहे, फक्त शब्द नवे. पहिल्या दोन महिन्यांत पोरं गळपटतात ती विषयामुळे कमी आणि शब्दांमुळे जास्त.

तुमचं स्वतःचं एक काम कठीण आहे. ब्लाऊज घेणं थांबवायची तारीख ठरवा आणि दारावर लिहून लावा. लग्नाच्या आठ दिवस आधीपासून नवं माप नाही. शेजारचीला नाही म्हणणं जड जातं, म्हणूनच पाटी हवी. गेला महिनाभर रात्री बारापर्यंत मशीन चालली आहे असं तुम्हीच लिहिलंय. तोच हात मुलीवर उगारलात. थकवा होता तो, स्वभाव नाही.

नणंदेला फोन नवऱ्याने करायचा. बहीण त्यांची आहे. "ये, मुलांना घेऊन ये, पण सकाळचा नाश्ता आपण भावंडं बघू," एवढं वाक्य त्यांच्या तोंडून गेलं तर ते प्रेमाचं वाटेल, तुमच्या तोंडून गेलं तर टोमणा. चारही मुलांची अंथरुणं, ताटं आणि आंघोळीचा नंबर मुलांनीच लावायचा. यात्रेला तुम्ही, सासूबाई आणि मुलगी आधार कार्ड घेऊन कर्नाटक सरकारच्या साध्या बसने गेलात तर तिकिटाला पैसे पडत नाहीत. तो पैसा पाहुण्या पोरांच्या आंब्यांना.

गाडीच्या बाबतीत मात्र कसली बोलणी नकोत. किल्ली नवऱ्याच्या खिशात. सोळाव्या वर्षी परवाना मिळतो तो ५० सीसीपर्यंतच्या बिनगिअरच्या गाडीचा, आणि मुलगा अजून चौदाचा आहे. पकडला गेला तर पालकाला २५,००० रुपये दंड आणि तीन वर्षांपर्यंत कैद होऊ शकते, गाडीची नोंदणी वर्षभरासाठी रद्द होते आणि पोराला पंचवीस वर्षांचा होईपर्यंत परवाना मिळत नाही. हा आकडा त्याला नवऱ्याने शांतपणे, एकदाच सांगावा. अपघातात दुसऱ्याला लागलं तर विमा कंपनी ती भरपाई तुमच्याकडून वसूल करू शकते. त्याला खरं तर कुठेतरी जायचं असतं. चांगली सायकल आणि टिळकवाडीपर्यंत एकट्याने जायची मोकळीक द्या, संध्याकाळी साडेसातपर्यंत.

झोपेवरून भांडू नका. या वयात शरीराची झोपेची वेळच पुढे सरकते, रात्री अकराआधी डोळा लागत नाही आणि आठ ते दहा तासांची गरज असते. त्यांना आळशी म्हणणं चुकीचं आहे. अकराऐवजी नऊ ही वेळ ठरवा, कुरडयांची पहाट सोडून. रात्री साडेदहाला घरातले सगळे फोन, तुमचा आणि नवऱ्याचाही, टीव्हीखालच्या कपाटात चार्जिंगला. तुमचा फोन उशाशी राहिला तर हा नियम चार दिवसही टिकणार नाही. शाळा उघडायला दहा दिवस उरले की रोज पंधरा मिनिटं आधी उठवा आणि उठल्याबरोबर गच्चीवर उन्हात पाठवा, चहा तिथेच द्या.