चार महिने झाले, आवाज अजून भरून येत नाही

प्रश्न : मी 46 वर्षांची प्राथमिक शिक्षिका आहे. चार महिन्यांपूर्वी थायरॉइडच्या गाठीची शस्त्रक्रिया झाली. तेव्हापासून आवाज पोकळ येतो, वाक्य संपण्याआधी दम संपतो आणि पाणी पिताना ठसका लागतो. डावा स्वरतंतू हलत नसल्याचे दुर्बिणीच्या तपासणीत दिसले. ‘वर्षभर वाट पाहा’ एवढेच सांगितले गेले. तोवर शिकवायचे कसे?
– एक वाचक, सातारा जिल्हा

उत्तर : वाट पाहण्याचा सल्ला चुकीचा नाही, पण तो अर्धवट आहे. स्वरतंतू हलवणारी डावी नस छातीत उतरते, महाधमनीच्या कमानीला वळसा घालून पुन्हा वर येते आणि थायरॉइडला अगदी खेटून स्वरयंत्रात शिरते. शस्त्रक्रियेत ती ताणली गेली असेल, तर काही आठवड्यांत किंवा महिन्यांत सावरू शकते. म्हणूनच कायमस्वरूपी उपचार साधारण वर्षभर लांबवतात. नस कापली गेली असल्यास मात्र हे गणित बदलते. त्यामुळे पुढच्या भेटीला जाताना शस्त्रक्रियेच्या नोंदींची प्रत मागून घ्या आणि नसेबद्दल त्यात काय लिहिले आहे, ते डॉक्टरांना स्पष्ट विचारा.

मधल्या काळात आवाज रेटून बोलू नका. कुजबुजूनही बोलू नका, कारण त्यातही हवा वाया जाते आणि दम लवकर लागतो. वाक्ये लहान ठेवा, वर्गात गळ्यात अडकवायचा छोटा माइक वापरा आणि वाचा-उपचारतज्ज्ञांकडे नियमित जा. पाणी घटाघट न पिता हनुवटी छातीकडे झुकवून लहान घोट घ्या. मान कोणत्या बाजूला वळवल्याने ठसका कमी होतो, तेही त्यांच्याकडून तपासून घ्या. बहुतेकांना पातळ चहा-पाण्याचा त्रास होतो, दाट पेज मात्र सहज उतरते.

नोकरीच आवाजावर असलेल्या व्यक्तीला वर्षभर असे ताटकळत ठेवणे मला पटत नाही. लुळ्या स्वरतंतूत हायल्युरोनिक आम्लाचे इंजेक्शन देऊन तो मध्यरेषेकडे सरकवता येतो. मग निरोगी तंतू त्याला टेकू लागतो आणि आवाज भरतो. हे द्रव्य काही महिन्यांत विरघळते, त्यामुळे नस सावरण्याच्या आड येत नाही. आपण याविषयी आताच विचारावे.

वर्षभरानंतरही हालचाल परतली नाही, तर थायरोप्लास्टीचा विचार होतो. जपानच्या नोबुहिको इशिकी यांनी 1974 मध्ये तिची पद्धतशीर मांडणी केली. स्वरयंत्राच्या कूर्चेला लहान खिडकी पाडून आतून तंतूला आधार देणारा तुकडा बसवतात. बहुधा फक्त जागा बधिर करून हे करतात, कारण रुग्णाला टेबलावरच ‘एक, दोन, तीन’ म्हणायला लावून, आवाज ऐकत ऐकत तुकडा मागेपुढे करायचा असतो. मानेतील दुसरी नस जोडण्याचाही पर्याय आहे. त्याचा परिणाम दिसायला मात्र कित्येक महिने लागतात.

ठसक्यांसोबत ताप आणि कफ येऊ लागल्यास छातीची तपासणी लगेच करा. श्वास घेताना घरघर किंवा शिट्टीसारखा आवाज आला, तर मात्र रात्र असली तरी थेट रुग्णालय गाठा.