भाषाप्रश्न : इटालियन शिकताना मराठी आड येते का?

प्रश्न : माझी मुलगी ठाण्यात घोडबंदर रस्त्यावरच्या एका शाळेत नववीत आहे. यंदा परकीय भाषा म्हणून तिने हौसेने इटालियन घेतली. वर्गात सगळे इंग्रजीतून समजावले जाते. पहिल्याच चाचणीत तिला फार कमी गुण मिळाले आणि ‘घरी मराठी बोलल्याने गोंधळ होतो, निदान इंग्रजी तरी बोलत जा’ असा सल्ला आम्हाला मिळाला. आम्हा दोघांना इटालियनमधले ओ की ठो कळत नाही. घरातली मराठी कमी करावी का?
— एक आई, ठाणे (पश्चिम)

उत्तर : मुळीच करू नये. तिची उत्तरपत्रिका मी पाहिलेली नाही, तरी माझा अंदाज असा की, मराठीपेक्षा इंग्रजीच्या वाटेने इटालियनकडे जाण्याचाच तिला त्रास होत असावा.

‘आवडणे’ हे क्रियापद घ्या. ‘मला पुस्तक आवडते’ हे इटालियनमध्ये ‘मी प्याचे इल लीब्रो’ असे होते आणि ‘मला पुस्तके आवडतात’ हे ‘मी प्याच्चोनो इ लीब्री’ असे होते. इथला ‘मी’ म्हणजे आपला ‘मी’ नव्हे, तर ‘मला’, एवढी एक गंमत सोडली तर रचना हुबेहूब मराठीची आहे, कारण दोन्ही भाषांत क्रियापद आवडणाऱ्या माणसाप्रमाणे न चालता आवडलेल्या वस्तूप्रमाणे चालते. इंग्रजीत मात्र आवडणारा माणूसच कर्ता असतो, म्हणून त्या चौकटीत विचार करणारे मूल ‘प्याचे’ आणि ‘प्याच्चोनो’ यांत हमखास अडखळते. तसेच ‘जातेस का?’ असे विचारताना आपल्याला ‘तू’ म्हणावे लागत नाही, कारण क्रियापदाचा शेवटच ते सांगतो. इटालियनमध्येही तसेच आहे, पण इंग्रजीच्या सवयीने मुले प्रत्येक वाक्याला सर्वनाम चिकटवतात. पुढे भूतकाळ आला की ‘तो गेला’, ‘ती गेली’ यांतला फरक ‘ए आन्दातो’, ‘ए आन्दाता’ असा समोर येईल आणि तेव्हाही तिला तो समजावून सांगावा लागणार नाही.

उच्चारांत तर आपण जवळजवळ तयारच असतो. इटालियन ‘त’ आणि ‘द’ हे आपल्यासारखेच दंत्य आहेत. पिझ्झाच्या मूळ उच्चारात जो ‘त्स’सारखा ध्वनी येतो, तो म्हणजे चमचा आणि चूल यांतला ‘च’, फक्त जोर देऊन उच्चारलेला. ‘चिंच’ शब्दातला ‘च’ वेगळा आणि ‘चाओ’मधला ‘च’ हा त्या चिंचेचा. कुटुंबाला ‘फामील्या’ म्हणतात, त्यातला ‘ल्या’ कल्याणच्या गाडीत रोज ऐकू येतो, आणि ‘बान्यो’ म्हणजे स्नानगृहातला ‘न्य’ न्याहारीच्या सुरुवातीलाच आहे. (मार्को पोलोच्या प्रवासवर्णनात आपल्या ठाण्याचा उल्लेख ‘ताना’ असा येतो; बिचाऱ्यांकडे ‘ठ’ नाही, त्याला कोण काय करणार!) लिपीचे नियम मात्र पाठ करावेच लागतात. ‘सी’ या अक्षरापुढे ‘इ’ किंवा ‘ए’ आला की ‘च’ होतो, आणि मध्ये ‘एच’ घातला की पुन्हा ‘क’ होतो, हे इंग्रजीच्या नेमके उलट आहे. पहिला महिनाभर तिला शब्दाशेजारी देवनागरीत उच्चार लिहू द्या, त्यानंतर ती कुबडी काढून घ्या.

मराठी जिथे दगा देते, तेही सांगितले पाहिजे. आपल्याकडे मुलगा, घोडा, आंबा हे आकारान्त शब्द पुल्लिंगी असतात, तर इटालियनमध्ये ‘आ’ने संपणारे शब्द बहुधा स्त्रीलिंगी आणि ‘ओ’ने संपणारे पुल्लिंगी असतात, ‘रगात्सो’ म्हणजे मुलगा आणि ‘रगात्सा’ म्हणजे मुलगी. शिवाय हात या अर्थाचा ‘मानो’ स्त्रीलिंगी आहे आणि ‘प्रोब्लेमा’ पुल्लिंगी आहे. त्यामुळे शब्द एकटा पाठ न करता ‘ला मानो’, ‘इल प्रोब्लेमा’ असा त्याच्या उपपदासकट पाठ करावा. मराठीत उपपदच नसल्याने ही सवय मुद्दाम लावून घ्यावी लागते आणि इथे घरून काही मदत होण्यासारखी नाही.

आपल्याला भाषा येत नसली तरी रोज दहा मिनिटे तिच्याकडून ती वाक्ये मराठीत समजावून घ्या आणि ‘असे का?’ असे विचारत राहा.

प्रश्न : मी नेरूळला दहावीत शिकतो. जोडाक्षरे गाळल्याबद्दल इटालियनच्या बाई प्रत्येक वेळी गुण कापतात. एका अक्षराने एवढे काय बिघडते?
— एक विद्यार्थी, नवी मुंबई

उत्तर : मका आणि मक्का यांत जेवढे बिघडते, तेवढे बिघडते. ‘नोन्नो’ म्हणजे आजोबा आणि ‘नोनो’ म्हणजे नववा. ‘पाल्ला’ म्हणजे चेंडू आणि ‘पाला’ म्हणजे फावडे. वय सांगताना तर विशेष जपा. इटालियनमध्ये ‘मला पंधरा वर्षे आहेत’ अशा अर्थी ‘ओ क्विन्दिची आन्नी’ म्हणतात, आणि त्या ‘आन्नी’तला एक ‘न’ गळला की वर्षांच्या जागी शरीराचा असा एक भाग येतो, जो इथे छापता येणार नाही आणि जो कुणाजवळही पंधरा नसतो. बाईंनी तिथे गुण कापले असतील, तर त्यांनी हसू आवरले याबद्दल त्यांचे आभार माना. तोंडी सरावात दुहेरी व्यंजनावर ‘सत्ता’, ‘गल्ला’, ‘पक्का’ म्हणताना थांबता तसे क्षणभर थांबा. कानाला तो थांबा कळू लागला की हात आपोआप दोन अक्षरे लिहितो.