निरनिराळ्या वयांच्या मुलांना घरी शिकवताना
आपल्या निरनिराळ्या वयांच्या तीन मुलांना घरी शिकवण्यासाठी प्रत्येकाचे स्वतंत्र वेळापत्रक आखण्याचा विचार असल्याचे आपण कळवले आहे. तो विचार सोडून द्यावा, असे मी आग्रहाने सुचवेन, कारण त्यात मुलांच्या आधी आपणच थकून जाल. गणित आणि वाचन-लेखन पायरीपायरीने पुढे जात असल्यामुळे ते प्रत्येकाला त्याच्या तयारीप्रमाणे वेगळे शिकवावेच लागतात. इतिहास, भूगोल आणि विज्ञान मात्र सर्वांना एकत्र बसवून शिकवता येतात. उदाहरणार्थ, बर्फ वितळण्याचा प्रयोग घेतल्यास 5 वर्षांचे मूल त्याचे चित्र काढील, 8 वर्षांचे मूल दर पाच मिनिटांनी तापमान नोंदवील, आणि 12 वर्षांचे मूल त्या नोंदींचा आलेख काढून, ढवळत राहिलेल्या पाण्याचे तापमान सगळा बर्फ वितळेपर्यंत 0 अंश सेल्सिअसच्या आसपासच का राहते, याचा शोध घेईल.

दिवसाची सुरुवात सर्वांत धाकट्यापासून करावी. आरंभी आपले पूर्ण लक्ष मिळालेले मूल नंतर बराच वेळ आपले आपण रमते. थोरल्याने धाकट्यांना जरूर वाचून दाखवावे, परंतु त्याला त्यांचा कायमचा शिक्षक करू नये. माझ्या थोरल्या मुलीचा स्वतःच्या अभ्यासाचा वेळ त्यात जात होता, हे माझ्या फार उशिरा लक्षात आले आणि त्याची खंत मला आजही वाटते.