सायकलच्या चाकाने मोजलेली वाट

प्रश्न: अमेरिकेतल्या अ‍ॅपलेशियन ट्रेल या लांबलचक पायवाटेवर सायकलचं सुटं चाक घेतलेल्या मायरन एव्हरी या वकिलाचा फोटो पाहिला. ते चाक कशासाठी? आमच्या गटाला गडाची पायवाट मोजायची आहे, पण प्रत्येकाच्या मोबाइलवर अंतर वेगळंच येतं. – एक वाचक, नाशिक

उत्तर: ते मोजणीचं चाक. एव्हरी (1899–1952) सरकारी नोकरीतले सागरी कायद्याचे वकील. ट्रेलची कल्पना बेंटन मॅके यांची, 1921 मधली. ती जमिनीवर उतरवण्यात मोठा वाटा एव्हरींचा. सुट्टीच्या दिवशी स्वयंसेवक गोळा करायचे, झाडोरा छाटायचा, 2 इंच रुंद, 6 इंच उंच पांढऱ्या खुणा रंगवायच्या आणि चाकाने अंतर मोजून वाटेचं वर्णन लिहायचं. 1936 पर्यंत टप्प्याटप्प्याने पूर्ण ट्रेल चालणारे ते पहिले. 14 ऑगस्ट 1937 ला मेन राज्यात शेवटचे 2 मैल जोडले गेले. स्कायलाइन ड्राइव्ह या डोंगरमाथ्यावरच्या रस्त्यावरून त्यांचं मॅके यांच्याशी कायमचं बिनसलं. रस्त्याला मॅके यांचा विरोध रास्तच होता, पण वाट तुटू न देता बाजूने वळवायचा एव्हरींचा आग्रह आम्हाला जास्त मोलाचा वाटतो.

आता तुमचं चाक. 26 इंची पुढचं चाक फोर्कसकट घ्या, वर दांडा बसवा. टायरवर खडूने खूण करा. सपाट जमिनीवर टेपने 100 मीटर आखून तीनदा चालवा. 48.5 फेरे भरले तर एका फेऱ्याला 2.06 मीटर. हवा रोज तपासा, कारण टायर मऊ पडला की फेरे वाढतात आणि अंतर फुगतं. चुंबकाचा मीटर लावला असेल तर थांबताना चुंबक सेन्सरजवळ ठेवू नका. चाक जरा मागेपुढे हललं तरी जादा फेरा चढतो. खरी फसगत होते ती धोंड्यांवर. तिथे चाक उडून हवेतच फिरतं, नाहीतर न फिरता घसटत जातं. तेवढा टप्पा टेपने मोजा. प्रत्येक फाटा, ओढा, टाकं आलं की आकडा तिथेच वहीत लिहा, घरी येऊन आठवून नव्हे. उतरताना पुन्हा मोजा; फरक एक टक्क्याच्या वर गेला तर तो टप्पा परत.

खुणांची घाई मात्र नको. संरक्षित गडाच्या तटाबुरुजांवर रंग लावणं गुन्हा आहे, आणि जंगलातल्या वाटेवर आधी वनखात्याची लेखी परवानगी घ्या.