सैन्य माघारी गेल्यावर अफगाणिस्तानची जबाबदारी अमेरिकेवर राहते का?

हो, राहते, सैन्य नेण्याचा अधिकार मान्य केला, तरी वीस वर्षांत जे परावलंबित्व निर्माण केले त्याचे उत्तरदायित्व 30 ऑगस्ट 2021 रोजी काबूलहून सुटलेल्या शेवटच्या विमानाबरोबर संपले नाही. जागतिक बँकेच्या अंदाजानुसार तिथल्या सार्वजनिक खर्चाचा सुमारे तीनचतुर्थांश भाग परकीय मदतीवर चालत होता, आणि ती थांबताच शिक्षक, परिचारिका यांचे पगार अडले; त्याच सुमारास अफगाण मध्यवर्ती बँकेचे अमेरिकेतील सुमारे 7 अब्ज डॉलर गोठवले गेले. सुकामेव्याच्या आयातीची कागदपत्रे पाहणे हे माझे काम असल्याने त्याचा परिणाम मला मुंबईच्या मशीद बंदरात बसून दिसला: अंजिराचा माल येऊन पडलेला, पण तालिबानवरील निर्बंधांच्या धास्तीने बँक काबूलच्या व्यापाऱ्याला पैसे पाठवायला तयार नाही. डिसेंबर 2021 मध्ये सुरक्षा परिषदेने ठराव 2615 द्वारे मानवतावादी मदतीला निर्बंधांतून सूट दिली खरी, पण सूट कागदावर मिळाली म्हणून बँकांची भीती जात नाही, ती दूर करणे निर्बंध लावणाऱ्यांचेच काम आहे. ज्यांनी परदेशी फौजांसाठी दुभाषी म्हणून जीव धोक्यात घातला त्यांना आश्रय देणे हे तर साधे देणे आहे, उपकार नव्हे. मात्र ही जबाबदारी तेथील जनतेप्रती आहे, तालिबान राजवटीला मान्यता देण्याची नाही. डिसेंबर 2022 मध्ये त्या राजवटीने स्वयंसेवी संस्थांतील महिलांच्या कामावर बंदी घातल्यामुळे मदत कोणाच्या हातून पोहोचते हे पाहण्याची अट सैल करता येणार नाही.