छपरी, सपरी आणि पेंढ्याच्या रंगाचे केस

ताई, तुमचा प्रश्न असा की मुलगी कॉलेजातल्या एका मुलाला 'छपरी' म्हणाली, तुम्ही रागावलात, ती म्हणाली 'अगं आई, सगळेच म्हणतात', आणि आता तुम्हाला हवंय की हा शब्द जातिवाचक आहे का, कुठून आला, आणि त्याचं नाम छपरीपणा की छपरीगिरी.

आधी एक गोष्ट. तो शब्द छपरी आहे. चपरी नाही, आणि छप्री तर नाहीच नाही. रोमनमध्ये टाइप करून करून लोकांनी मधला अ खाऊन टाकला आणि आता देवनागरीत पण छप्री लिहितात, बोलताना प आणि र जवळ येतात हे कबूल, पण मग बकरीला बक्री लिहा, नोकरीला नोक्री लिहा, होऊन जाऊ दे.

अर्थ सांगत बसत नाही, तुमच्या मुलीला तो माझ्यापेक्षा चांगला माहितीये. ब्लीच केलेले, कपाळावर आलेले केस, फाटकी स्लिमफिट जीन्स, चाकणला बनलेली केटीएम (स्वतःची किंवा मित्राची), फटफट करणारा सायलेन्सर, स्लो मोशनमध्ये गॉगल काढायचा रील. २०२०च्या जूनमध्ये टिकटॉक बंद झालं आणि हीच पोरं इन्स्टावर आली, तिथे आधीपासून बसलेल्या इंग्लिश मीडियमवाल्यांना ती एकदम शेजारी दिसायला लागली आणि मग हा शब्द कमेंटीत पावसासारखा पडायला लागला. त्या पोरांची स्वतःची भाषा वेगळीच आहे, विषय हार्ड, नाद खुळा, जाळ अन् धूर संगटच. त्यातलं कोणी स्वतःला छपरी म्हणत नाही, हा बाहेरून चिकटवलेला शब्द आहे.

आता खरी गंमत. विदर्भातल्या कोणालाही विचारा, घराच्या पुढच्या ओसरीला काय म्हणतात? सपरी! म्हातारे सपरीत बसतात, पाहुणा आधी सपरीत टेकतो. ही सपरी म्हणजेच छपरी, छोटं छप्पर, मूळ घराला पुढे जोडलेलं. आणि छ चा स का झाला? कारण मराठीनं हे शेकडो वर्षं केलंय. हिंदीत छोड, आपल्यात सोड. हिंदीत छुरी, आपल्यात सुरी. छाँव, तर आपली सावली. छह, तर आपले सहा. इतका नियमानं चालणारा बदल फार कमी सापडतो, मला तर हे पहिल्यांदा कळलं तेव्हा दोन दिवस दिसेल त्या हिंदी शब्दाचा छ काढून स लावून बघत होतो, घरचे वैतागले. म्हणजे अस्सल घरचं रूप सपरी, आणि छ शाबूत ठेवून आलेला छपरी हा उत्तरेकडच्या बोलीतून, बहुतेक मुंबईच्या हिंदीतून परत आलेला भाऊ. एकाच शब्दाची दोन पोरं, एक गावी ओसरीवर बसलंय, दुसरं मुंबईला जाऊन केस रंगवून आलंय.

आणि छ वाला छपरी पण आपल्याकडे आजचा नाही. छपरी पलंग ऐकलाय ना? चार खांब, वर छत, झालर, मच्छरदाणी. तो श्रीमंतांच्या वाड्यात असायचा! हिंदीतलं छपरखट तेच. आज ज्या शब्दानं तुम्ही कोणाला गरीब आणि गावंढळ ठरवता त्याच शब्दाच्या पलंगावर सरदार झोपायचे.

पण माझा जीव अडकलाय तो छपरी मिशांमध्ये. वरच्या ओठावरून खाली उतरलेल्या, तोंड झाकणाऱ्या मिशा, वळचणीसारख्या, ताक प्यायलं की पागोळ्या गळाव्यात अशा. जुनी माणसं हा शब्द सहज वापरायची. केस आणि छप्पर हे नातं मराठी डोक्यात पक्कं बसलेलंय, टक्कल पडलं की आपण म्हणतोच, छप्पर उडालं. मग आता त्या पोराकडे बघा. कपाळावर उतरलेले केस, वर ब्लीच मारून आलेला तो पिवळट भुरा रंग. तो रंग कसला आहे? वाळलेल्या पेंढ्याचा! शाकारलेलं छप्पर दोन पावसाळ्यांनी जसं दिसतं तसं डोकं. मी म्हणतो की माणसाला छपरी म्हणायची सुरुवात या केसांवरून झाली. माझा तर्क आहे, पुरावा मागू नका, पण एकदा डोळ्यासमोर आणा आणि मग सांगा.

एका मित्रानं यावर मला गप्प करायचा प्रयत्न केला. म्हणे आपण शाळेत असताना 'काय छपरी पेन आहे' म्हणायचो, पेनला केस असतात का? आता यावर काय बोलणार. पेनचा छपरी वेगळा, तो पत्र्याच्या शेडवरून, फालतू माल या अर्थी, माणसाला तो नंतर चिकटला आणि चिकटताना केसांनी मदत केली, असं मी त्याला सांगितलं. त्याला पटलं नाही. त्याला काहीच पटत नाही. पण तोही परवडला, एक सर आहेत ते छपरी हा शब्द 'छापणे' वरून काढतात, छापील टी-शर्ट घालतो तो छपरी. छापणे वरून छापरी होईल हो सर, मधला आ कोणी चोरला?

राहिली जात. रीलवर जो तो शपथेवर सांगतोय की हा शब्द छप्परबंद जमातीवरून आलाय. छप्परबंद ही खरी जमात आहे, महाराष्ट्राच्या विमुक्त जातींच्या यादीत आहे, मोगल फौजेबरोबर दख्खनेत आले आणि छावणीत छपरं बांधायचे असं त्यांच्याबद्दल सांगतात. इंग्रजांनी त्यांच्यावर खोटी नाणी पाडणारे असा शिक्का मारला आणि गुन्हेगार जमातींच्या कायद्यात कोंबलं, तो कायदा १९५२ साली ३१ ऑगस्टला गेला. सोलापुरात अशा जमातींना तारेच्या कुंपणात ठेवलं होतं, त्या भागाला अजून सेटलमेंटच म्हणतात. हे सगळं खरं. पण जमातीच्या नावातला 'बंद' गळून नुसती शिवी उरली हे मधल्या काळातल्या एखाद्या कागदात दाखवा की, मी लगेच मान्य करतो. छपरी हा शब्द आधीपासून पलंगावर, मिशीवर, ओसरीवर सुखानं नांदत होता, त्याला जमातीच्या नावातून जन्म घ्यायची गरज काय? आणि हेच लोक दिवसभर 'भामटा कुठला' म्हणत असतात! राजपूत भामटा त्याच यादीत आहेत, आधी शब्द की आधी जमात तो वाद वेगळा, पण त्यावर एक रील दिसलं नाही मला अजून.

म्हणून तुम्ही रागावलात ते चुकलं असं मात्र नाही हां. जातीवरून नसेल, पण छपराखाली राहणारा म्हणून हिणवणं आहेच की त्यात, आणि छप्परबंदांच्या पोरानं वर्गात हा शब्द ऐकला तर त्याला माझ्या छपरी मिशा ऐकवून काय उपयोग.

अरे हो, पणा की गिरी. गिरी फारसीतून आलेली, ती धंदा किंवा वागणं दाखवते, दादागिरी, भाईगिरी. पणा स्वभाव दाखवतो, वेडेपणा, भोळेपणा. म्हणजे तो मुलगा चौकात बाईक रेस करतो ती छपरीगिरी, आणि बाईक न घेता नुसता उभा असतानाही मुलीला जे दिसतं तो छपरीपणा. दोन्ही बरोबर, तिला कुठलं म्हणायचं होतं ते तिलाच विचारा.