टायकोचं ठिगळ शेवटी

प्रिय पोरी,

तुझं पत्र आणि चंद्राच्या गोधडीचे फोटो मिळाले. आजीच्या राखी नऊवारीतून चंद्रावरचे समुद्र, म्हणजे थिजलेल्या लाव्ह्याची ती काळसर मैदानं, तू फार नेटके कापलेस. आणि मग तीन आठवडे सुई खाली ठेवून बसलीस, कारण एका छायाचित्रात चंद्र राखाडी आहे नि दुसऱ्यात निळा-नारिंगी. भौतिकशास्त्र शिकणारी मैत्रीण म्हणते निळा चूक. कलेचे सर म्हणतात, विज्ञान सोड, वाटतं ते शिव. दोघांचंही ऐकू नकोस.

निळा चूक नाही. गुरूकडे निघालेलं गॅलिलिओ यान डिसेंबर 1992 मध्ये चंद्राजवळून गेलं, तेव्हाचं ते चित्र. वेगवेगळ्या फिल्टरांतून घेतलेली छायाचित्रं एकत्र करून दगडांच्या रंगातला बारीक फरक त्यात मुद्दाम गडद केला आहे. त्या समुद्रांपैकी शांतिसागर निळा दिसतो, कारण तिथल्या बेसॉल्टमध्ये, म्हणजे लाव्हा थिजून झालेल्या काळ्या दगडात, टायटॅनियम जास्त आहे. नारिंगी दिसतो त्या लाव्ह्यात ते कमी. तुला निळा हवा तर जरूर घे, पण तो टायटॅनियम आहे तिथेच पडू दे. काठाला शोभतो म्हणून दक्षिणेच्या डोंगराळ भागात लावलास तर मी ते ठिगळ उसवायला लावीन. कारण कळल्याशिवाय टाका घालायचा नाही.

‘वाटतं ते शिव’ हे मीही एकदा ऐकलं होतं. बारा वर्षांपूर्वी पूर्ण चंद्राची गोधडी केली, आठ महिने लागले. टायको विवरातून निघणारे पांढरे किरण, म्हणजे आघाताने उडालेल्या दगडमातीचे लांब पट्टे, मी सगळ्यात आधी घातले, कापड सपाट असताना लांब धावदोरा सरळ जातो म्हणून. बाकीच्या विवरांची ठिगळं त्यावर लावली. दिसायला सुरेख झाली. प्रदर्शनात भूगोलाचे एक निवृत्त शिक्षक बराच वेळ तिच्यापुढे उभे राहिले आणि हळूच म्हणाले, “बाई, तुमचा टायको एवढा म्हातारा कसा?”

टायकोचं वय सुमारे 10.8 कोटी वर्षं मानतात. चंद्राच्या हिशेबात ते कालचं पोर. म्हणून त्याचे किरण वाटेतल्या जुन्या विवरांवरून, समुद्रांवरून पसरत जातात. एका विवराने दुसऱ्याची कड तोडली असेल तर तोडणारं नंतरचं. अगं, हे मला कळायला नको होतं का? वरचं ठिगळ नंतरचं, हे आईच्या वाकळीवर निजणाऱ्या पोरालाही कळतं. गोधडी तोवर विकली गेली होती, उसवता आली नाही. तो उलटा इतिहास कुणाच्या तरी भिंतीवर अजून टांगलेला आहे आणि मला ते अजून सलतं.

तुझ्या अमेरिकेतल्या बहिणीला एलेन हार्डिंग बेकरची सूर्यमालेची गोधडी बघायला सांग. आयोवातल्या या बाईने तिच्यावर 1876 हे साल भरलं आहे. सूर्य, ग्रहांच्या कक्षा, लांब शेपटीचा धूमकेतू, सगळं लोकरीच्या कापडावर. ती गोधडी टांगून ती गावोगाव खगोलशास्त्रावर व्याख्यानं द्यायची. सौरडाग आणि धूमकेतू दुर्बिणीतून बघायला शिकागोपर्यंत गेली होती. आधी बघितलं, मग शिवलं.

तुला तर तेवढंही लांब जायला नको. लोणारला जा. सुमारे 1.8 किलोमीटर रुंदीचं ते विवर बेसॉल्टमध्ये झालेलं आहे, म्हणून तर चंद्र-मंगळावरच्या विवरांशी ताडून बघायला अभ्यासक तिथे येतात. पाण्याकडे नंतर बघ, आधी काठाचे खडक बघ. उल्केच्या आघाताने थर वर उचलले जाऊन बाहेरच्या अंगाला कललेत, काही ठिकाणी तर चक्क उलटून पडलेत, आपण कापडाची कड दुमडतो तसे. मी कितीतरी वर्षं विवराची कड साखळीटाक्याने नुसती गोल काढायचे. लोणारहून आल्यावर कड दुमडून शिवायला लागले. ही गोष्ट कुठल्याही छायाचित्राने मला शिकवली नव्हती. कारण कळलं की हात आपोआप वेगळा चालतो.

मला हट्टी म्हणतात ते तुझ्याही कानावर आलंच असेल. एका मोठ्या गिऱ्हाइकाला शनी हवा होता, कडी जरीची, आणि कड्यांवर पडणारी ग्रहाची सावली नको, काळा डाग दिसतो म्हणून. सावली काढली तर सूर्य कुठल्या बाजूला आहे तेच कळत नाही. मी नाही म्हटलं. त्या वर्षी मुलीची फी उसने पैसे घेऊन भरली. घरातल्यांनी बोल लावला, त्यांचंही चुकलं नाही. पण मी बरोबर होते. आज विचारलंस तरी हेच सांगेन.

तेव्हा आता रडणं पुरे. राखाडी की टायटॅनियमचा हिशेब, एक धर आणि अख्ख्या कापडभर तोच पाळ. टायकोचं ठिगळ आणि किरण शेवटी. जाड थरांतून लांब टाका ओढताना बोटं दुखतील. बोटात शिवणाचं टोपण घाल, पण क्रम बदलू नकोस. रविवारी मला गोधडीच्या मागच्या बाजूचा फोटो पाठव. आधी काय शिवलंस ते तिथे दिसतं.

तुझी,
काकू